सखाचा पाच रंगांचा उपास

धामणघरात धडधाकट माणूस फळ खात नाही. तसा ग्रामपंचायतीचा ठराव नाही, पण ज्यांचा ठराव नसतो त्याच गोष्टी गावात नीट पाळल्या जातात. फळ खायचं ते उपासकऱ्यानं, नाहीतर आजाऱ्यानं. पोरं खातात, पण ती दुसऱ्याच्या झाडाची आणि चोरून, म्हणून ती जमेस धरायची नाहीत. कर्त्या पुरुषानं मधल्याच वारी, काही कारण नसताना, भर रस्त्यात पेरू खाल्ला तर लोक थांबून बघतात. पिशवीत चार सफरचंदं घेऊन कुणी एसटीतून उतरला की पारावरून हटकून विचारणा होते, "कोन ॲडमिट हाय रं?"

म्हणून सुप्रिया मॅडमनी पाच रंगांची चित्रं असलेला कागद सखाच्या हातात ठेवला आणि "रोज फळं खायची, काका," असं हसून सांगितलं, तेव्हा सखाच्या पोटात दुखायला लागलं. फळ खायच्या आधीच.

सुप्रिया मॅडम म्हणजे पनवेलच्या पलीकडच्या एका सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक. सखा आठ वर्षं तिथून एचआयव्हीच्या गोळ्या आणत होता. कर्जत जवळ पडलं असतं, पण कर्जतला केसपेपरच्या रांगेत निम्मा तालुका ओळखीचा, आणि पुढच्याच्या हातातला कागद वाचल्याशिवाय आपल्याकडे रांग पुढे सरकत नाही. आजार कसा आला ते सखाला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, गोदूबाईलाही ठाऊक होतं. त्यावरून दोघांचं एकदाच भांडण झालं. ते तीन महिने चाललं, आणि मग गोळीची वेळ तिनंच लक्षात ठेवायला सुरुवात केली. तिचं रक्त दर वर्षी तपासायचे, त्यात काही निघालं नव्हतं.

"गोळी उत्तम चालू आहे," मॅडम रिपोर्ट बघत म्हणाल्या होत्या. "रक्तात विषाणू मोजता येईल इतकासुद्धा उरलेला नाही. मग दमता का एवढे? खाता काय?"

"भात."

"भातासोबत?"

"वरण."

"आणखी?"

"आणखी भात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काम काय करता तुम्ही?"

"रसायनीला हाय, कंपनीत. पाइप रंगवतो. गंज खरवडायचा, रेड ऑक्साइडचा प्रायमर मारायचा, वरनं रंग."

"मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. हा विषाणू अंगात असला की आतून थोडा थोडा गंज धरत राहतो. गोळी विषाणूला दाबून ठेवते, ते काम तिचंच. पण गंजाला आवर घालायला शरीराला मदत लागते, ती फळांत आणि भाज्यांत असते. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्याला. लाल, केशरी, पिवळं, हिरवं, जांभळं. दिवसभरात जितके रंग पोटात जातील तितके जाऊ द्या."

"म्हंजे आतनं प्रायमर," सखा म्हणाला.

"तसंच समजा," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तसंच समजू नका, असं त्यांनी म्हणायला हवं होतं. कारण सखा रंगारी होता, आणि एका हातानं भागत असलं तरी तीन हात मारले तर पाइप जास्त टिकतो, हे त्याला वीस वर्षं माहीत होतं.

पण पाइप कंपनीच्या कुंपणाआड असतो. सखाला गावात राहायचं होतं. आणि गावात सखा रंगारी नव्हता, आचारी होता. लग्न, बारसं, दहावं, भंडारा, धामणघरात चारशे माणसांचं जेवण असलं की चुलीपाशी सखा उभा. पैसे घ्यायचा नाही. हातभर लांब दांड्याचा लोखंडी डाव त्याच्या घरात दाराआड टांगलेला असे, आणि तो डाव घेऊन सखा निघाला की म्हातारी माणसंसुद्धा वाट द्यायची. बावीस वर्षांत त्याला या गावानं एवढी एकच इज्जत दिली होती. त्याला दुसरी नकोही होती.

ती कशी जाते, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. शेजारच्या गावात नामा टेंपोवाला होता. त्याला हाच आजार असल्याचं फुटलं, आणि त्याच महिन्यात त्याच्या घरी बारसं होतं. स्वयंपाकाला सखालाच बोलावलेलं. पत्रावळ्या मांडल्या, पाणी शिंपडलं, भात उतरवला, आणि एकही माणूस आला नाही. संध्याकाळी तो सगळा भात सखानं स्वतःच्या हातानं म्हशींपुढे घातला. नामाच्या हातचं नव्हे, नुसतं नामाच्या दारातलं कुणी खाल्लं नाही. मग ज्याच्या हातातच डाव आहे त्याचं काय होईल? हा प्रश्न सखानं आठ वर्षं कुणाला विचारला नव्हता. तो रोज एक गोळी घ्यायचा आणि गप्प बसायचा.

आता त्या गप्प बसण्यात फळं आली. चोरून फळ खाणं किती अवघड आहे, ते चोरून दारू पिणाऱ्याला कळायचं नाही. दारूला जागा ठरलेल्या आहेत. पेरू कुठं खाणार? कंपनीत टाकीमागे खाल्ला, तर तो चावताना असा वाजला की मुकादम डोकावून गेला. केळं वाजत नाही, पण साल उरते. डाळिंबाचे डाग पडतात. सीताफळाच्या बिया थुंकत बसावं लागतं, आणि मोठा माणूस एकटाच बिया थुंकत बसला की तो फार विचारात आहे असं वाटून लोक जवळ येऊन बसतात. सखा खात होता, पण जागा बदलत. एक पेरू संपवायला कधीकधी दोन किलोमीटर लागायचे. गंज उतरत असेल नसेल, चपलेचा तळ मात्र उतरला.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात तो सापडला. खोपोली फाट्यावर रसवंतीच्या बंद खोपट्यामागे उभं राहून पपईची फोड तोंडात घातली, आणि समोर दशरथ. दशरथ म्हणजे स्वयंपाकातला त्याचा उजवा हात. बारा वर्षं कांदे चिरत होता, आणि बारा वर्षं त्याची नजर कांद्यावर नसून डावावर आहे, हे सखाला माहीत होतं.

"दादा! पपई?" दशरथ म्हणाला. "काय रं, बरं नाय का तुला?"

"बराच हाय."

"मंग पपई कशाला?"

सखाच्या तोंडात फोड होती, ती त्यानं गिळेपर्यंत जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात जे सुचलं ते सुचलं. "उपास हाय."

"बुधवारचा?"

"दत्ताचा. दत्तजयंतीपर्यंत. फलाहार."

"जयंतीपर्यंत? नुसती फळं? अन्न नाय?"

"नाय," सखा म्हणाला. एकदा बोलायला लागल्यावर मधेच थांबणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी तो घरी पोचायच्या आधी उपास पोचला होता. गोदूबाई दारातच उभी. "अवं, तुमी दत्ताचा उपास धरलाय म्हनं? मला सांगाय नाय पायजे? शेजारची चंद्राबाई विचारत व्हती, कसला नवस? मी म्हनलं, त्यांचं त्यांना ठावं."

"खोटं हाय गं. दशरथानं पपई खाताना बघितलं."

"मंग भात वाढू?"

सखानं पाट ओढला, बसला, ताटातल्या भाताकडे बघितलं आणि हात आवरला. माणसांशी खोटं बोलणं वेगळं, त्याचा त्याला आठ वर्षांचा सराव होता. पण हे दत्ताच्या नावानं बोललेलं. उपास खोटा असला तरी दत्त काही खोटा नाही. त्यानं मोडला आणि तो कोपला तर? एका नव्हे तर तीन तोंडांनी बघणारा देव, कुठल्या तरी तोंडाला दिसणारच.

"नको वाढू," तो म्हणाला. "एवीतेवी फळं खायलाच सांगितलंय मॅडमनी. थोड्यानं गुण येतोय, तर नुसत्या फळांनी किती येईल!"

"मॅडमनी भात सोडा म्हनलंय का?"

"भाताचा कागदावर रंगच नाय. पांढरा त्यात धरलेला नाय."

गोदूबाईनं ताट उचललं. "उपास तुमचा, आनि खोटं बोलायचं मी," ती म्हणाली, आणि गोळी मात्र पाण्यासकट पुढ्यात ठेवली.

असा तो उपास सुरू झाला, खोटा धरलेला आणि खरा पाळलेला. सकाळी पपई, दुपारी पेरू, संध्याकाळी डाळिंब. कागदावर लाल माठ होता, भोपळा होता, बीट होतं, म्हणून गोदूबाई ते उकडून द्यायची. दशरथानं एकदा वाकून बघितलं. "दादा, माठ चालतो उपासाला?" सखा शांतपणे म्हणाला, "दत्ताला चालतो." दशरथाला दत्ताचं एवढं माहीत नव्हतं.

भातकापणी आली. सखानं सकाळी कंपनी, दुपारनंतर विळा, असं चार एकर पेरवांवर कापलं. दिवाळी आली. शेजारच्या चकलीचा वास भिंतीतून यायचा आणि सखा आवळा चोखत अंगणात फेऱ्या मारायचा. त्याला एका जागी बसवेना. खाटेवरून पायरीवर, पायरीवरून बांधावर, बांधावरून गिरणीत. गिरणीत भाताची पोती तोलायचा काटा होता. पोती उतरवायच्या निमित्तानं सखा त्यावर हळूच उभा राहायचा. दसऱ्याला त्रेसष्ट होता. दिवाळीला साठ. तुळशीच्या लग्नाला अठ्ठावन्न. त्याला वाटलं काटा बिघडला असेल, म्हणून तो कर्जतला जाऊन भुसाराच्या दुकानात दुसऱ्या काट्यावर उभा राहिला. तिथं सत्तावन्न भरला. दुकानदार म्हणाला, "हा काटा कालच तपासून नेलाय." तेव्हापासून त्याची झोप कमी झाली. दुपारी पाइपावर ब्रश मारता मारता तो मधेच थांबायचा आणि स्वतःचं मनगट दोन बोटांत धरून बघायचा.

गावात याचे दोन अर्थ लागत होते. बायका म्हणत, तेज आलंय. पुरुष म्हणत, वाळलाय. दोन्ही मंडळी फळं मात्र आणून देत. कुणी भोपळा ठेवून जाई, कुणी आवळ्याची पिशवी. देवळाच्या पडवीत सखाच्या नावानं ढीग लागला. पाया पडायला येणाऱ्यांना सखा "अरं नको, नको" म्हणत पाय मागे घ्यायचा, आणि त्यामुळे तो आणखी मोठा साधू ठरायचा.

मार्गशीर्षात गोळ्या संपल्या तेव्हा तो मॅडमकडे गेला. त्यांनी वजन केलं, पुन्हा केलं, आणि काट्याऐवजी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"सात किलो, काका? गोळी सोडली होती?"

"एक दिवस चुकली नाय."

"मग?"

सखानं सगळं सांगितलं. पपई, दशरथ, दत्त. मॅडमनी ओठ घट्ट दाबले. हसू आणि राग एकाच वेळी आल्यावर माणूस तसं करतो. शेवटी राग जिंकला.

"मी फळं जेवणासोबत सांगितली होती, जेवणाऐवजी नाही! भात हवा, डाळ हवी, अंडं हवं, मासळी हवी. त्यासोबत हे रंग. पाइप कुजून पडला तर प्रायमर कशावर मारणार तुम्ही?"

हे सखाला लगेच पटलं. एवढं सरळ मॅडमनी आधीच का सांगितलं नाही, असं वाटून तो खुर्चीवर चुळबुळला.

"आजपासून जेवा."

"दत्तजयंतीला आठ दिवस हायत, मॅडम."

"मग दूध प्या, दही खा, शेंगदाणे खा, उपासाला चालतात. आणि जयंतीला पोटभर जेवा. पुन्हा असलं काही करायचं नाही."

"भंडारा मीच शिजवतो. चवीनं जेवीन." मग जाता जाता, दाराशी, त्यानं विचारलं, "मॅडम, हातनं... जेवनातनं..."

"जात नाही. आठ वर्षं सांगतेय."

"मला ठावं हाय. गावाला कुठं ठावं हाय? लिवून द्या."

मॅडमनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. कुणाचं नाव त्यात नव्हतं. सखानं त्या कागदाची घडी घालून ती घरी गोळ्यांच्या डब्याखाली ठेवली.

दूध, दही, शेंगदाणे सुरू झाले. जयंतीला दोन दिवस असताना देवळात बैठक बसली. आबाजी, म्हणजे देवळाच्या पंचांतले सगळ्यांत वडील, ऐंशीला टेकलेले, खुर्चीवर बसून म्हणाले, "यंदा सखाच्या उपासाची सांगता गावानं करायची. सखाला पाटावर बसवायचा, पयलं पान त्याचं. आनि व्रताच्या मानसानं चुलीम्होरं उभं ऱ्हायचं नाय. धुराचा इटाळ होतो. सैपाक दशरथ करील."

सखा उठून उभा राहिला. "आबा, मी करतो की. सवय हाय."

"सवय हाय म्हनूनच. एवढं जवळपास दोन म्हयनं उपाशी ऱ्हायलास, आता आमाला सेवा करू दे."

दशरथ खाली बघत होता. फार नम्रपणे बघत होता. बैठक उठल्यावर जवळ येऊन म्हणाला, "दादा, डाव न्यायला सकाळी येऊ का संध्याकाळी?"

संध्याकाळीच आला. दाराआडचा खिळा रिकामा झाला. सखा त्या खिळ्याकडे बघत उभा राहिला. ज्या डावासाठी खोटं बोललो तो डाव खोट्यानंच नेला, हे त्याला उमगायला वेळ लागला नाही, पण गिळायला लागला.

"एका सालाचं तर हाय," गोदूबाई म्हणाली.

"एका सालाचं नाय गं. दशरथाच्या हातातनं डाव परत घ्यायला उद्या मला काय सांगावं लागंल?"

दुसरा दिवस त्याचा चालण्यात गेला. कंपनीत खाडा केला. नदीपर्यंत जाऊन आला. दशरथाच्या अंगणात बिरड्याच्या उसळीसाठी वाल भिजत घातले होते, ते कुंपणावरून बघितले, आणि पाण्यात सोडा पडलाय हे वासावरून कळलं. बिरड्याच्या वालात सोडा! त्याला स्वतःच्या आजारापेक्षा त्या क्षणी वालांची दया जास्त आली. घरी येऊन डब्याखालचा कागद काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. उन्हं उतरायला लागली तेव्हा तो आबाजींच्या परसात जाऊन उभा राहिला.

आबाजी झारीनं माठाच्या वाफ्याला पाणी घालत होते.

"आबा, उपास खोटा हाय."

"खोटा कसा? तू काय खाल्लंस का?"

"नाय खाल्लं."

"मंग खराच की रं." झारी पुढे सरकली.

"मला एचआयव्ही हाय, आबा. आठ वर्सं झाली. रोज गोळी खातो. फळं खायला दवाखान्यानं सांगितलं, दशरथानं बघितलं, आनि मी उपास म्हनून सांगितलं."

झारी त्याच वाफ्यावर दुसऱ्यांदा फिरली. माठ आधीच भिजला होता, आता तो आडवा पडला.

"कुनाला म्हायती हाय?"

"गोदूला. दवाखान्याला. आता तुमाला."

"मला कशाला सांगितलंस?"

"डाव पायजे," सखा म्हणाला. "आनि चोरून नको. पंगतीत एका तरी मानसाला ठावं असूनशानी तो जेवायला पायजे. नायतर पुढल्या साली पुन्यांदा हेच."

आबाजींनी झारी खाली ठेवली. "आठ वर्सं. म्हंजे माझ्या नातीच्या हळदीला बिरडं कुनी केलतं?"

"मीच."

"आनि आमच्या म्हातारीच्या तेराव्याला?"

"मीच की आबा. तुमी चारदा वाढून घेतलंत."

"मला अजीर्न झालं त्यानंतर."

"ते चारदानं झालं."

"हं." आबाजी बांधावर टेकले. "जेवनातनं जात नाय?"

"नाय. ताटातनं नाय, पान्यातनं नाय, हातातनं नाय. लिवून आनलंय." सखानं कागद पुढे केला.

आबाजींनी कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. "चष्मा घरात हाय," ते म्हणाले, आणि कागद बंडीच्या खिशात घातला. मग वाकून आडव्या पडलेल्या माठाचं एक रोप उभं केलं. "नामाच्या दारात मीबी नव्हतो गेलो रं. घरनं कापडं घालून निघालो व्हतो. अर्ध्या वाटंनं परत आलो."

सखानं वाकून दुसरं रोप उभं केलं.

"जा तू," आबाजी म्हणाले. "उद्या बघू."

ते 'उद्या बघू' घेऊन सखा घरी आला आणि ते त्याला खाटेवर, जमिनीवर, कुठंच टेकू देईना. एवढ्यात म्हाताऱ्यानं चष्मा लावला असेल. एवढ्यात सुनेला हाक मारली असेल, वाच म्हणून. गोदूबाई म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं." सखा म्हणाला, "बरं का वाईट, ते उद्या पत्रावळीवर कळंल."

भंडाऱ्याच्या सकाळी देवळामागे तीन चुली पेटल्या होत्या. दशरथ डाव खांद्यावर घेऊन बंदुकीसारखा उभा होता. सखाला पाटाकडे नेत असताना आबाजी आले. त्यांनी खुर्ची मागवली, बसले, आणि खाकरले.

"दशरथ, डाव त्याला दे."

"आबा, तुमीच तर सांगितलं, व्रताच्या मानसानं चुलीम्होरं..."

"तवा मला नियम अर्धाच आठवला. सांगतेच्या दिवशी व्रत करनाऱ्यानंच शिजवून गावाला घालायचं असतं. त्याबिगर फळ नाय."

"हा नियम कुठला?"

"माझ्या आजाचा," आबाजी म्हणाले. त्यांच्या आज्याला बघितलेलं गावात कुणी हयात नव्हतं.

दशरथानं डाव दिला. चेहरा असा रडवेला केला की त्याला रडवायचं काम कांद्यांना उरलं नाही. सखानं डाव हातात घेतला, एकदा तोलला, आणि आधी सोड्याचं पाणी ओतून वाल चार पाण्यांनी धुतले. मग पडवीतला ढीग चुलीपाशी आणायला लावला. भोपळ्याची भाजी केली, लाल माठ केला, बीट-गाजराची कोशिंबीर, हिरव्या टोमॅटोची चटणी, वांगी वालात घातली, पपई कापून पानात ठेवली. चंद्राबाई म्हणाली, "अगं बाय, पानात एवढे रंग!" गोदूबाई म्हणाली, "दत्ताला आवडतात." तिलाही आता सवय झाली होती.

पहिली पंगत बसली. आबाजी मधोमध. त्यांच्या पुढ्यात घरून आणलेला पितळी तांब्या होता, पाण्यानं भरलेला. एरवी ते पंगतीत फिरणाऱ्या भांड्यातलंच पाणी प्यायचे. सखानं तांब्या बघितला. त्यांच्या पानात भात वाढला आणि तो चुलीकडे परतला.

श्लोक झाला. लोकांनी हात घातले. आबाजींनी भात कालवला, घास केला आणि तो तसाच धरून बसले. ओठापासून वीतभर. त्यांची नजर घासावर होती. शेजारच्यानं विचारलं, "काय आबा, गरम हाय का?" आबाजी म्हणाले, "हाय जरा."

चुलीपाशी सखा उभा होता. डाव त्यानं टोपात सोडून दिला होता. चारशे माणसांच्या गलक्यात त्याला फक्त तो एक घास ऐकू येत होता.

आबाजींनी घास तोंडात घातला. सावकाश चावला. दुसरा घेतला, बिरड्याचा. मग मान वर करून अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले, "सख्या! बिरड्यात मीठ कमी हाय!"

बावीस वर्षांत सखाला हे कुणी म्हटलं नव्हतं. दशरथाचा चेहरा उजळला. सखानं डावातलं थेंबभर हातावर घेऊन चाखलं. खरंच कमी होतं. सकाळपासून त्याचं लक्ष मिठावर नव्हतंच.

तो मिठाचं ताट घेऊन धावला. ताटात त्यानं चमचा ठेवला होता. आबाजींसमोर वाकून चमचा भरू लागला.

"चमचा कशाला?" आबाजी हलकेच म्हणाले. "पंगतीत मीठ चमच्यानं कवापासनं वाढाय लागलास?"

सखानं चमचा बाजूला ठेवला. तीन बोटांच्या चिमटीत मीठ घेतलं आणि आबाजींच्या पानावर सोडलं. पण बघत होता आबाजींच्या तोंडाकडे. पडायचं तेवढं पडलं, आणि वर आणखी पडलं, थेट बिरड्यावर.

"आता खारट केलंस," आबाजी म्हणाले, आणि कालवून जेवू लागले.